उरलेल्या जागेतली नाव

नावेचा निळा रंग लवकर निघाला. तो सगळ्यांत वरचा, उन्हानं पापुद्रे सुटलेला. पत्तीचं टोक आत सरकवलं की तुकडे सुटून पायाशी पडत होते. त्याखालचा हिरवा मात्र लाकडाला धरून बसला होता. त्याला पॉलिश पेपरच लागला. मी पेपर ठोकळ्याला गुंडाळून घासत होते आणि चिंचेखाली बाजेवर बसलेला दादा सांगत होता, "आडवं नको घासू, बाई. लाकडाच्या रेषेनं घास."

"रेषेनंच घासायले."

"न्हाई. तिरकं चाललंय तुझं."

दादाचा उजवा हात त्याच्या मांडीवर पडलेला होता. कुणीतरी 'जरा सांभाळ' म्हणून ठेवून जावं आणि परत येऊच नये, तसा. गेल्या हिवाळ्यात त्याला लकवा झाला. पाय बरा झाला, बोलणं सुधारलं, हात आणि चेहऱ्याची एक बाजू तेवढी आली नाही. आयुष्यभर त्याच हातानं त्यानं रंगकाम केलं होतं.

बाळूचा, म्हणजे दादाच्या मुलाचा, फोन आला होता. "आत्या, दादा म्हणायलेत नाव घासायची. मला एकट्याला हात लावू देईनात. तुम्ही या." खालच्या बंधाऱ्याचं पाणी आता गावापर्यंत थांबतं. बाळूला मासेमारी करायची होती, म्हणून कित्येक वर्षं उपडी पडलेली नाव पुन्हा निघाली होती. मी लातूरहून आले. गाडीत बसताना वाटलं होतं, नाव पाहिली की भरून येईल. नाव पाहिली. चिंचेचा पाला, कोंबडीची पिसं, एका बाजूला वाळत टाकलेल्या गोवऱ्या. आत काही हललं नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. मग मी पदर खोचला आणि पत्ती हातात घेतली.

हिरव्याची भुकटी उडत होती. तिला वास होता. जुन्या रंगाचा, डांबराचा आणि त्याच्याही खाली कुठंतरी ओल्या गोणपाटाचा.

तो गोणपाटाचा वास बाजाराच्या दिवसाचा. उमरीकडच्या अंगाला, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. अलीकडं गाव, पलीकडं बाजार, आणि मध्ये आबांची नाव. आबा म्हणजे आमचे वडील. बाजाराच्या दिवशी सकाळपासून माणसं काठावर येऊन बसत. भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं, पाय बांधलेल्या कोंबड्या, शेळ्या, एखादी सायकल, एखादी सासरी निघालेली पोर. विडीचा धूर, शेळीचा उग्र वास, चिखलाचा गार वास. आबा उभे राहून वल्हवत. वल्हं पाण्यात शिरताना आवाज येत नसे, निघताना येई. डोळे मिटून मी तो आवाज ऐकत बसे आणि नाव कुठवर आली ते मला न बघता कळे. मधल्या धारेत बायका बोलायच्या थांबत. धार ओलांडली की पुन्हा सगळ्या एकदम सुरू होत.

उन्हाळा सरता सरता नाव काठावर ओढली जाई. उपडी घालून आबा तळ तपासत. माय दिव्याच्या वाती वळाव्यात तशा कापसाच्या लांब वाती वळून देई. आबा त्या डांबरात बुडवून फळ्यांच्या फटींत ठोकून बसवत. तीन दगडांच्या चुलीवर डांबर उकळत असे आणि गावातली कुत्रीसुद्धा त्या वासानं लांब जात. वरच्या बाजूला रंग द्यायचं काम दादाचं. तो माझ्याहून बराच मोठा. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याचा हात असा होता की काठाकाठानं ओढलेली रेघ कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. रंग कुठला, ते नांदेडच्या दुकानात काय शिल्लक असेल त्यावर.

"पाण्याला काय कळतंय रंगाचं," आबा म्हणत.

"माणसाला कळतंय की," माय म्हणे. मग ती नावेच्या तोंडाला हळदकुंकू लावी, नारळ फोडी, आणि डांबरानं काळ्या झालेल्या आमच्या बोटांत खोबऱ्याचा तुकडा देई. त्या खोबऱ्याला डांबराची चव लागायची. अजून कधी नवं खोबरं खाताना मला तिथं काहीतरी कमी आहे असं वाटतं.

मग नदी गेली.

दुसरं कसं सांगावं कळत नाही. आधी धार बारीक झाली, मग डोह सुटे सुटे झाले, डोहांत मासे दाटले, माशांवर कावळे आले, मग कावळेही गेले. उरली ती वाळू. त्या वाळूत नाव एका कुशीवर कललेली. आबा रोज सकाळी जात आणि नावेत जाऊन बसत. पलीकडं जाणारी माणसं शेजारून चालत जात. जाताना "राम राम, आबा" म्हणत, पण नजर खाली. म्हातारी माणसं तर नावेत चढायची जागा आली की सवयीनं चपला काढून हातात घेत आणि कोरड्या वाळूतून तशीच अनवाणी पलीकडं जात. तापलेल्या वाळूतून. मी हे पाहिलेलं आहे.

दुष्काळ म्हणून गावाबाहेर जनावरांची छावणी पडली. दावणीला बांधलेली, बरगड्या मोजता येतील अशी जनावरं, कडब्याची धूळ आणि शेणाचा आंबूस वास. पाणी पाजायला मोठं काही नव्हतं. घमेल्यातून पाजलं तर निम्मं सांडायचं. छावणीवर देखरेख करणारे साहेब एक दिवस वाळूत आले, नावेभोवती फिरले आणि चाचरत म्हणाले, "आबा, रागावू नका. ही नाव मिळाली असती तर..."

आबा उठले. नावेच्या काठावरून त्यांनी हात फिरवला.

"न्या," म्हणाले. "लाकूड सुकून फाटायलंच हाय. पाणी भायेर असलं काय अन् आत असलं काय, भिजलेलं ऱ्हाईल."

दोन बैलगाड्या एकमेकींना बांधून त्यांवरून नाव छावणीत नेली. गल्लीतून जाताना बायका दारात उभ्या राहिल्या. मयताला राहतात तशा. वाळूत खोल झिरा खणला होता. त्यातलं पाणी घागरींनी आणून आबा आणि दादा नावेत ओतू लागले. जनावरं दोन्ही काठांनी ओळीनं उभी राहत आणि पीत. इतक्या जिभांचा एकदम होणारा तो आवाज. दुसरा कुठलाच आवाज मग त्या माळावर नसे. चाटून चाटून त्यांनी आतला रंग घालवला, शिंगांनी काठावर ओरखडे काढले.  माय दुपारी लाल मिलोच्या, रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी घेऊन येई. त्या भाकरीला चव नव्हती, वासही नव्हता. शाळेत सुकडी, दुष्काळातला गोड खाऊ, मिळे. मी अर्धी खाऊन अर्धी मायसाठी फडक्यात बांधून आणी. ती म्हणे, "मला न्हाई आवडत गोड." मला ते खरं वाटे.

एके दिवशी छावणीची पाटी लिहायला लातूरचा एक पेंटर आला. सगळे त्याला उस्ताद म्हणत. दादा घागर खाली ठेवून त्याच्यामागं जाऊन उभा राहिला, तो हललाच नाही. उस्तादनं मागं न बघताच ब्रश त्याच्या हातात दिला आणि अक्षरांखाली रेघ ओढायला सांगितली. दादानं ओढली.

"हात थमेला है रे तेरा," उस्ताद म्हणाला. "क्या काम करता?"

"नाव चलवतो."

"तभीच."

थोड्याच दिवसांत दादा त्याच्याबरोबर लातूरला गेला. आबा जा म्हणाले नाहीत, जाऊ नकोही म्हणाले नाहीत. मायनं भाकरी बांधून दिली आणि कोरड्या नदीच्या मधोमध उभी राहून ती तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

उन्हाळा सरायच्या आत माय गेली. कशानं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मोठी झाल्यावर मीही विचारलं नाही. दादाला निरोप उशिरा पोचला. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. घरात पाय न ठेवता तो तडक छावणीत गेला. दिवसभर झिऱ्यातून पाणी काढून नावेत ओतत राहिला. नाव भरून काठावरून वाहायला लागली तरी ओतत राहिला. शेवटी आबांनी त्याच्या हातातली घागर काढून घेतली.

"जेवून जा," एवढंच म्हणाले.

तो जेवला नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्या दिवसापासून दोघांत बोलणं असं राहिलं नाही. भांडण नव्हतं. नदीसारखंच, होतं ते आटलं. मायच्या शेवटच्या दिवसाबद्दल दादानं मला कधी विचारलं नाही. आबांना तर नाहीच.

पाणी परत आलं, नाव परत नदीत आली. त्या वर्षी जुना सगळा खरवडून रंग आबांनी स्वतः दिला. तोच हा हिरवा. थर जाड, मध्येच ओघळलेला, काठाची रेघ वाकडीतिकडी. घासताना ओघळ बोटाला लागत होते. दादानं बाजेवरून विचारलं, "निघंना का?"

"दमानं निघायलंय."

"आबांनी लई दाट मारला होता," तो म्हणाला आणि नदीकडं तोंड करून बसला.

मॅट्रिक झाल्यावर मास्तरकीचं शिकायला मी लातूरला गेले आणि दादाच्या खोलीत राहू लागले. गंजगोलाईच्या, म्हणजे गोल बाजारपेठेच्या, मागं एक अरुंद बोळ, खाली उस्तादचं दुकान, वर आमची खोली. उस्तादच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. तो दारात बसून नुसत्या वासावरून सांगे, रंगात टरपिन जास्त झालंय की कमी. सकाळी जिन्यातून खाली उतरताना टरपिन, रॉकेल, शेजारच्या भट्टीतले फुटाणे आणि पलीकडच्या आडतीतली हळद असा सगळा मिळून एक वास येई. नदीचा वास नसलेल्या गावात मला त्या वासानं धरून ठेवलं.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले, फटाके वाजले. आमच्या बोळात मात्र दुसऱ्याच दिवसापासून पाट्यांची रीघ लागली. आडत, मेडिकल, कापड दुकान, शाळा, पतपेढी. प्रत्येक पाटीवर खाली 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं. ते घालवून 'जि. लातूर' लिहायचं. घासायचं काम माझ्याकडं. कॉलेजातून आले की ओट्यावर बसून मी एकामागून एक उस्मानाबाद पुसत असे. पिवळं, लाल, पांढरं. हात बधिर होत. रात्री वहीत लिहिताना अक्षर थरथरे.

लिहायला उस्मानाबाद लांब आणि लातूर आखूड. नवं अक्षर बसलं की शेजारी रिकामी जागा उरायची. कुणी तिथं फूल काढून घेई, कुणी स्वस्तिक. गोलाईतल्या एका आडतीच्या मालकांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, तोंडात कायम लवंग. त्यांच्या पाटीवर उरलेल्या जागेत दादानं कुणाला न विचारता एक लहानशी नाव काढली, आणि नावेत वल्हं घेऊन उभा एक माणूस.

अप्पा बाहेर येऊन बघत राहिले. "हे काय काढलास बाबा?"

"नाव हाय, अप्पा."

"माझं नाव तर वर लिहिलास की."

"ते न्हवं. पाण्यातली नाव."

अप्पांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडं बघितलं. नळावर घागरींची रांग, मध्ये उन्हात तापलेला चौक. "लातुरात प्यायला पाणी न्हाई, अन् तू नाव सोडलास?" मग लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणाले, "असू दे. चांगली दिसायली."

पुढं आणखी काहींनी तशीच मागून घेतली. एका शिंप्यानं, एका सायकलवाल्यानं. नदी नसलेल्या गावात लहान लहान नावा झाल्या.

आबा लातूरला एकदाच आले. थंडीचे दिवस होते. एका हातात हुरड्याची पिशवी, दुसऱ्या हातात कागदात बांधलेली सुकी मासळी. मासळीच्या वासानं बसमधल्या माणसांनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं होतं. का आले ते त्यांनी सांगितलं नाही. दादा "या" म्हणाला. पाणी दिलं. मग दोघं दोन भिंतींना टेकून बसले आणि मीच मधे काहीबाही बोलत राहिले. शेवटी मला सुचेना म्हणून म्हणाले, "आबा, चला, गोलाई दाखवते."

दादा मागून आला. चार पावलं अंतर ठेवून.

अप्पांच्या आडतीसमोर आबा थांबले. मान वर करून बघत उभे राहिले. हमाल पोती घेऊन "हटा, हटा" करत त्यांच्या अंगावरून जात होते, पण ते हलले नाहीत. वाचता त्यांना येत नव्हतं. ते पाटीच्या कोपऱ्याकडं बघत होते.

"ही कुणी काढली?" त्यांनी मला विचारलं.

"दादानं."

 मग आबा मागं वळले आणि कित्येक वर्षांनी दादाशी सरळ बोलले. "वल्हं भलत्या अंगाला धरलंय त्यानं. असं धरलं तर नाव जागच्या जागी फिरंल."

दादा बोळात गेला, शिडी, पॉलिश पेपर आणि डबे घेऊन आला. शिडी लावली, वर चढला आणि वल्हं घासून काढायला लागला. शिडी जुनी, एका पायानं आखूड. ती हलायला लागली तसे आबा पुढं झाले. हातातली पिशवी त्यांनी माझ्याकडं दिली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. वरून लाल भुकटी त्यांच्या पागोट्यावर, खांद्यावर पडत होती. ती त्यांनी झटकली नाही.

"इकडून?" वरून दादानं विचारलं.

"अजून जरा खाली. पाण्यात बुडू दे की."

"आता?"

"हां."

अप्पांनी चहा पाठवला. तो तसाच कट्ट्यावर निवत राहिला. काम झाल्यावर दादा खाली उतरला आणि दोघं शेजारी उभं राहून वर बघू लागले.

"आता जाईल," आबा म्हणाले.

त्यानंतर दर उन्हाळ्यात दादा गावी येऊन नाव रंगवू लागला; आपला जुना थर घासून काढी, आबांचा हिरवा तसाच ठेवी. हा वरचा निळा त्याचा, शेवटचा. पुढं नदीवर पूल झाला. आबा काही दिवस रिकामी नाव घेऊन फेऱ्या मारत राहिले, मग एक दिवस त्यांनीच ती चिंचेखाली उपडी घातली. आबा गेले. लातुरात फ्लेक्स आले, हातानं लिहिलेल्या पाट्या उतरल्या, आणि दादा वहिनीला आणि बाळूला घेऊन गावी परतला. अप्पांची पाटी कुठं गेली माहीत नाही. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मी लातुरातच राहिले, पोरांना शिकवलं, निवृत्त झाले. दुष्काळात लातूरला आगगाडीनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मीही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी होते. शेजारच्या बाया रडत होत्या, भांडत होत्या. मला काही वाटत नव्हतं. पुढची घागर सरकली की माझी सरकवायची, एवढंच.

दुपार कलली तेव्हा हिरवाही निघाला. खाली लाकूड दिसलं. करडं, रेषारेषांचं. वहिनींनी चहा आणला. बाळूनं विचारलं, "दादा, आता कोणता रंग आणू?"

"रंग नंतर," दादा म्हणाला. "आधी कोरडीच पाण्यात घालायची. कुठून झिरपतंय बघायचं. खूण करायची. मग बाहेर काढून वाती भरायच्या. आबा असंच करायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या माणसांनी हात लावला आणि नाव पाण्यापर्यंत गेली. दादा म्हणाला, मी बसणार. बाळू नको म्हणाला, वहिनी नको म्हणाल्या. तो ऐकेना. मग मी त्याच्या बगलेत हात घालून त्याला आत बसवलं आणि शेजारी बसले. बाळूनं वल्हं घेतलं. दादाच्या डाव्या हातात खडू होता. जिथं फटीतून ओल दिसेल तिथं तो वेडीवाकडी फुली मारत होता. उजव्या हातानं त्यानं आयुष्यात अशी वाकडी रेघ मारली नसेल.

पाणी थांबलेलं होतं. धार नव्हती. लांबवर पूल, त्यावरून जाणारी एसटी. पलीकडच्या काठावर आमचं कुणाचंच काही काम नव्हतं. तरी बाळू तिकडंच निघाला. नाव निघाली की माणसं पलीकडंच जातात.

मध्यावर आल्यावर दादानं फुल्या मारायच्या थांबवल्या.

"त्या दिवशी मायजवळ कोण होतं?"

किती वर्षं झाली होती. तरी कुठला दिवस, ते मला विचारावं लागलं नाही.

"आबा होते. मी होते."

"काही बोलली?"

"चहा मागितला. घरात गूळ नव्हता. मी बिनगुळाचाच केला. आबांनी बशीनं पाजला."  बाळूनं वल्हं वर धरलं होतं, त्यातून थेंब गळत होते. "प्याली अन् म्हणाली, गोड झालाय."

दादानं हातातला खडू खाली ठेवला. मग त्याचा चेहरा ज्या एका बाजूनं हलतो, त्या बाजूनं तो हसला.

"लई खोटं बोलायची ती," तो म्हणाला.

"हाव," मी म्हणाले.

मला वाटलं, आता रडू येईल. त्याला किंवा मला. आलं नाही. तळातून पाणी आत येऊन आमच्या दोघांच्या पावलांना लागलं, गार होतं. बाळूनं डबा घेतला आणि उपसायला लागला. मी दुसरा डबा उचलला. दादा म्हणाला, "राहू दे जरा," आणि त्यानं पाय तसेच पाण्यात ठेवले.